तारीख कोणती धरायची?



२०२५ च्या नोव्हेंबरात गळीत सुरू होऊन थोडेच दिवस झाले होते. आपल्या एका गट ऑफिसात एक वयस्क सभासद नोंदीची पावती हातात घेऊन आले. म्हणाले, "आवो भाऊसाहेब, माझी लागण आषाढी एकादशीच्या आधीची. शेजारच्या पोरानं माझ्या मागनं बारा दिवसांनी लागण केली. त्याच्या फडात टोळी बसली, अन् माझं नाव यादीत लांब खाली. हे कसं?"

कारकुनाने यादी काढली. यादीत लागणीची तारीख होती ७ ऑगस्ट २०२४. सभासदांच्या पावतीवर होती ८ जुलै २०२४. आषाढातली लागण यादीत श्रावणात जाऊन बसली होती! बाहेर कट्ट्यावर लगेच कुजबूज सुरू झाली. कुणी म्हणाले वशिला, कुणी म्हणाले चिटबॉयने हात मारला. शोध घेतल्यावर निघाले ते निराळेच. पावतीवर ८/७/२४ असे लिहिले होते. आपण आधी दिवस लिहितो आणि मग महिना. अमेरिकेत आधी महिना लिहितात, मग दिवस. ज्या संगणकावर यादी तयार झाली त्यात तारखेची मांडणी अमेरिकेची राहून गेली होती. त्याने ८ हा महिना धरला आणि ७ हा दिवस. शेजाऱ्याची लागण २० जुलैची. विसावा महिना नसतोच, म्हणून ती तारीख सरळ राहिली आणि शेजारी पुढे गेला. यात कोणाचा वशिला नव्हता.

तारीख दुरुस्त झाली, सभासदांचा नंबर वर आला. पण आमच्या मनात एक शंका राहिलीच. हे गृहस्थ पावती जपून ठेवणारे होते म्हणून चूक सापडली. ज्यांची पावती पावसात भिजली, जे बोलायला संकोचतात, त्यांच्या तारखांचे काय? आडसाली लागण जुलै-ऑगस्टातच होते. त्यामुळे जुलैची तारीख ऑगस्टात गेली तरी यादी वाचणाऱ्याला काही वावगे वाटत नाही. ऊस मात्र महिनाभर जादा उभा राहतो, त्याला तुरा येतो, वजन घटते, आणि मागच्या गव्हाची वेळ निघून जाते.

म्हणून या अंकात आम्ही तारखेवर लिहीत आहोत. विषय ऑफिसातला दिसतो, पण त्याची झळ बांधावर लागते.

एका उसाला किती तारखा असतात ते पाहा. लागणीची एक, नोंदीची दुसरी, तोडीची तिसरी, गाडी यार्डात आल्याची चौथी, काट्यावर वजन झाल्याची पाचवी, आणि बिल जमा झाल्याची सहावी. खोडव्याला लागणीऐवजी मागच्या तोडीची तारीख धरावी लागते. ती न बदलता जुनी लागणीचीच राहिली, तर बारा महिन्यांचा खोडवा कागदावर अडीच वर्षांचा म्हातारा होतो आणि भलत्याच नंबरावर चढतो.

पूर्वी वह्या होत्या तेव्हा प्रत्येक तारखेची वही निराळी असे. आता सारे एका संगणकात आहे, ही सोयीची गोष्ट आहे. आम्ही संगणकाच्या विरुद्ध नाही. बटण दाबले की गटवार, जातवार, पंधरवडावार तक्ता निघतो. पण तो तक्ता कोणत्या तारखेवरून काढायचा हे संगणकाला माणसाने सांगावे लागते. सांगितले नाही तर तो पुष्कळदा आपल्या मनाने नोंद केल्याची तारीख धरतो. मग कारकुनाने सोमवारी बसून शनिवारच्या पावत्या भरल्या, तर शनिवारचा ऊस सोमवारी आला असे तक्ता सांगतो. तक्ता खोटे बोलत नाही, त्याला विचारलेला प्रश्नच चुकलेला असतो.

आता पैशाची बाजू पाहू. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाने उसाच्या किमतीला १४ दिवसांची मुदत घालून दिली. दोघांत वेगळा लेखी करार नसेल तर ऊस पोचता केल्याच्या तारखेपासून १४ दिवस मोजायचे, आणि उशीर झाल्यास साल दरशेकडा १५ टक्के व्याज, असा तो नियम. म्हणजे दिवस काट्याच्या पावतीपासून मोजायचे. पण बिले पंधरवड्याने निघतात. १ डिसेंबरला गेलेल्या उसाचे १४ दिवस १५ डिसेंबरला भरतात. तेच दिवस पंधरवडा संपल्यापासून मोजले तर २९ डिसेंबर उजाडतो. समजा ५० टन ऊस आणि हिशेबापुरता ३,००० रुपये टन दर. रक्कम झाली दीड लाख. १५ टक्क्यांनी त्याचे दिवसाचे व्याज सुमारे ६१ रुपये ६४ पैसे, आणि १४ दिवसांचे ८६३ रुपये. एका सभासदाला ही रक्कम फार वाटणार नाही. हजारो सभासदांची बेरीज मारली की डोळे उघडतात. आणि गंमत अशी की, तक्ता पंधरवड्याच्या अखेरीवरून काढला तर त्यात उशीर दिसतच नाही! संचालक मंडळापुढे कागद येतो तो सारे वेळेवर झाल्याचा. आमचे कुणावर बालंट नाही. कागद चुकीच्या रकान्यावरून निघाला तर प्रामाणिक माणूससुद्धा चुकीचाच निर्णय घेईल.

रात्रीच्या गाड्यांचेही तसेच. गाडी १५ तारखेला रात्री अकराला यार्डात लागते आणि वजन होते पहाटे दोनला. पंचांगाप्रमाणे म्हणा, कॅलेंडरप्रमाणे म्हणा, वाद होतोच. गाळपाचा दिवस सकाळच्या पाळीला बदलतो, म्हणून गाळप अहवालात तो ऊस १५ तारखेचा ठरतो, पावतीवर मात्र १६. कारखान्याच्या कामाला गाळपाचा दिवस लागतो, हे आम्हांला मान्य आहे. पण त्यासाठी वेगळा रकाना ठेवावा. सभासदाच्या पावतीवरची तारीख आणि वेळ कोणी बदलू नये.

तोडीच्या तारखेची तर बहुधा नोंदच होत नाही. तोडलेला ऊस जितका पडून राहील तितकी त्यातली साखर घटते आणि वजनही सुकते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. तोडीची तारीख व वेळ पावतीवर असेल तर कोणत्या गटातला ऊस किती तास वाटेवर राहिला हे कळेल. ती नसेल तर उतारा घसरला की शेतकरी म्हणणार कारखान्यात दोष, कारखाना म्हणणार उसात दोष. हा वाद जन्मभर मिटायचा नाही.

वार्षिक सभेतही दरवर्षी एक भांडण ठरलेले. साखर हंगाम १ ऑक्टोबर ते ३० सप्टेंबर, आणि हिशेबाचे वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. एकाच गाळपाचे आकडे दोन ठिकाणी दोन दिसतात आणि सभासद ओरडतात, "आकडे फिरवले!" तसेच मागल्या साली गळीत १ नोव्हेंबरला आणि यंदा १५ नोव्हेंबरला सुरू झाले असेल, तर ३१ डिसेंबरच्या आकड्यांची तुलना करून कामगारांना बोल लावण्यात अर्थ नाही. तिथे गाळपाचा कितवा दिवस, हे धरून तुलना करावी.

तेव्हा आमच्या सूचना अशा. पहिली, प्रत्येक तारखेला संगणकात स्वतंत्र रकाना असावा, आणि त्याचे नाव स्पष्ट मराठीत असावे. नुसते 'तारीख' असे लिहू नये. दुसरी, महिना आकड्यात न लिहिता अक्षरांत लिहावा. '८ जुलै' लिहिल्यावर अमेरिकेचा संगणकसुद्धा चुकणार नाही. तिसरी, माहीत नसलेली तारीख कोरी ठेवावी, अंदाजाने भरू नये, आणि अशा कोऱ्या नोंदी किती हे तक्त्याखाली लिहावे. चौथी, भरलेली तारीख बदलली तर कोणी, केव्हा व का बदलली याची नोंद राहावी. पाचवी आणि महत्त्वाची, प्रत्येक तक्त्याच्या माथ्यावर 'हा तक्ता अमुक तारखेवरून काढला आहे' अशी एक ओळ छापावी. याला फारसा खर्च नाही.

सभासदांनीही आपले काम करावे. नोंदीची पावती ट्रंकेत टाकण्याआधी एकदा वाचावी. गट ऑफिसात यादी लागली की लागणीची तारीख आपल्या डोळ्यांनी पाहावी, खोडव्याची तर दोनदा पाहावी. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या नातवाला बरोबर न्यावे. चूक दिसली तर कट्ट्यावर बोलत न बसता लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी.

कारखाना आपला आहे असे आपण सभेत म्हणतो. आपल्याच कारखान्यात आपल्या लागणीची तारीख बरोबर असावी, एवढे मागायला कोणाची भीड कशाला? पुढच्या लागणीच्या नोंदी सुरू होण्यापूर्वी एवढी व्यवस्था व्हावी, अशी आमची संचालक मंडळास विनंती आहे.