चवीमागचा हात

सचिन कुंडलकर यांनी दिग्दर्शित केलेला 'गुलाबजाम' हा मराठी चित्रपट २०१८ साली प्रदर्शित झाला. लंडनमध्ये बँकेत नोकरी करणारा आदित्य नाईक हा तरुण ती सोडून पुण्यास येतो. त्याला मराठी स्वयंपाक शिकून पुढे लंडनमध्ये आपल्या पदार्थांचे उपाहारगृह काढावयाचे आहे. पुण्यात बाहेरून आलेल्या एका डब्यातील गुलाबजाम त्याच्या तोंडात पडतो आणि तो डबा करणाऱ्या राधा आगरकर या स्त्रीच्या दारात जाऊन तो उभा राहतो. सिद्धार्थ चांदेकर व सोनाली कुलकर्णी यांनी या दोन भूमिका केल्या आहेत.

राधा सहजासहजी बोलणारी नाही. एका अपघाताने तिच्या आयुष्याची घडी विस्कटलेली आहे आणि बाहेरच्या जगात वावरणे तिला जड जाते. तिच्या हातचे अन्न मात्र रोज घराबाहेर पडते व अनेकांची भूक भागवते. डबा सर्वांना ठाऊक, डबा करणारी कोणालाच ठाऊक नाही! आदित्यला ती प्रथम झिडकारते. पुढेही त्याला थेट पाककृती मिळत नाहीत. आधी मिळतात ती वरकामे. ती करता करता स्वयंपाकघरात त्याला जागा मिळते आणि राधेलाही कित्येक वर्षांनी बोलावयास एक माणूस मिळतो.

'गुलाबजाम'च्या तीन वर्षे आधी, २०१५ साली, जपानमध्ये नाओमी कावासे या दिग्दर्शिकेने अशाच नात्यावर 'अन' हा चित्रपट केला. तो दुरियन सुकेगावा यांच्या कादंबरीवर आधारलेला आहे. सेन्तारो हा अबोल, कर्जाने दबलेला माणूस एका चिमुकल्या दुकानात दोरायाकी नावाचा पदार्थ विकतो. दोन जाडसर गोड धिरड्यांमध्ये सारण भरून दोरायाकी करतात. धिरड्यांच्या पिठात अंडे असल्यामुळे तो जैन घरातील पानात येणारा पदार्थ नव्हे. परंतु आतील सारण, म्हणजेच 'अन', हे आपल्या पुरणाचे सख्खे भावंड म्हणावे असे आहे. अझुकी नावाचे लाल, बारीक कडधान्य शिजवून त्यात साखर मुरवतात. सेन्तारो हे सारण तयार डब्यातून आणीत असे. तोकुए नावाची शहात्तर वर्षांची वृद्धा कमी मजुरीवरही काम करण्याची तयारी दाखवीत त्याच्याकडे येते आणि स्वतः केलेले सारण त्याला चाखावयास देते. पुढे ती पहाटेपासून चुलीपाशी उभी राहून एकेका दाण्याकडे लक्ष देऊ लागते. दुकानापुढे सकाळीच रांग लागते.

तोकुएची बोटे वाकडी झालेली असतात. तिला एके काळी कुष्ठरोग झाला होता, ही कुजबुज गावात पसरते व रांग आटते. सारण तेच, हात तेच, चवही तीच. बदलते ती केवळ गिऱ्हाइकाला मिळालेली माहिती. तिला काढून टाक, असे दुकानाची मालकीण सेन्तारोला सांगते. ही मालकीण दुष्ट नाही. खप घटला, तेव्हा कारण दूर करावे, एवढाच तिचा हिशेब आहे. व्यापार करणाऱ्या प्रत्येक घराला हा हिशेब ओळखीचा वाटेल आणि म्हणूनच हा प्रसंग मनाला लागतो. रोजमेळात तोकुएमुळे आलेली रक्कम दिसते, तिच्यामुळे गेलेली रक्कमही दिसते. तोकुए मात्र कोठेच दिसत नाही. शेवटी तिला कोणी काढीत नाही. सारे ओळखून ती आपणहून निघून जाते.

कुष्ठरोग्यांना समाजापासून अलग ठेवणारा कायदा जपानने १९९६ साली रद्द केला. रोग औषधाने बरा होऊ लागला त्याला तेव्हा कित्येक वर्षे उलटून गेली होती. मात्र हे दूरच्या देशातील वैगुण्य समजून निश्चिंत होण्याचे कारण नाही. बाबा आमटे व साधनाताई आमटे यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि चंद्रपूर जिल्ह्यातील वरोऱ्याजवळ खडकाळ जमिनीवर आनंदवन उभे राहिले. तेथील रुग्णांनी राबून भाजी पिकविली, तेव्हा प्रारंभी तिला गिऱ्हाईक मिळत नव्हते. पुढे निरनिराळ्या देशांतील तरुण स्वयंसेवक तेथे येऊन राहिले, रुग्णांबरोबर राबले, तेथील अन्न जेवले. ते पाहून आसपासच्या लोकांची भीती हळूहळू ओसरली. भाजीत कधीच दोष नव्हता. पहिल्यांदा ती घेणारा कोणीतरी हवा होता.

परभणी जिल्ह्यातील पिंगळीसारख्या गावांतून मुले शिक्षणासाठी पुण्यास किंवा छत्रपती संभाजीनगरास जातात आणि त्यांचे जेवण कोणा राधेच्या डब्यावर चालते. डबा ठरविताना घरची माणसे बारकाईने चौकशी करतात. कांदा, लसूण, बटाटा नको. पाणी गाळलेले हवे. संध्याकाळचा डबा सूर्यास्तापूर्वी पोहोचावा. ही चौकशी योग्यच आहे. परंतु या अटी पाळणाऱ्या स्त्रीला दोन-चार डब्यांसाठी वेगळी भाजी करावी लागते आणि दुपारची पाठ टेकण्यापूर्वीच पुन्हा शेगडी पेटवावी लागते. दुसऱ्याचा नियम पाळण्यासाठी ती रोज हे कष्ट उपसते. दर महिन्याला तिला पैसे पोहोचतात. तिचे नाव, तिचे घर, तिची अडचण मात्र वर्ष सरले तरी पुष्कळांना ठाऊक नसते. दिवाळीच्या दिवसांत पापड, चकली, शेव करून देणाऱ्या स्त्रियांची स्थिती याहून फारशी निराळी नाही. पदार्थ दिवाणखान्यात येतो, करणारी मागच्या दाराने जाते.

व्यवहारात याला उत्तर अवघड नाही. डब्याचे पैसे ठरल्या तारखेला, न मागता द्यावेत. मुलाला भेटावयास गेलेल्या आईने अर्धा तास काढून त्या घरी जावे, बसावे, तिच्या हातचा चहा घ्यावा. आणि कधी कोणाच्या हाताविषयी, आजाराविषयी वा जातीविषयी कुजबुज कानावर आली, तर दुकानदाराने खप मोजण्यापूर्वी ती खरी की खोटी, आणि खरी असली तरी त्यात घाबरण्यासारखे काय आहे, हे विचारावे. सेन्तारो तोकुएला भेटावयास जातो तेव्हा ती अनेक वर्षे ज्या वसाहतीत राहिली तेथेच असते. आपल्या दुकानात असताना तिच्या पाठीशी उभे राहता आले नाही, ही खंत त्याच्या चेहऱ्यावर दिसते. तिची हत्यारे पुढे त्याच्याकडे येतात, पण तोवर ती राहिलेली नसते. हे दोन्ही चित्रपट घरातील सर्वांनी एकत्र बसून पाहावेत असे आहेत. पाहून झाल्यावर मुलाला दूरध्वनी करून त्याच्या डबेवाल्या बाईंचे नाव विचारावे. त्याला ते सांगता येते का, हेही त्या निमित्ताने कळेल.