पेवातली हळद आणि पडद्यावरचे नाणे

हरिपूरची पेवे ज्यांनी पाहिली त्यांना सांगायला नको, पण नव्या वाचकांसाठी सांगतो. कृष्णाकाठच्या घट्ट मातीत वीस-पंचवीस फूट खोल खणलेला, वर माणूस उतरेल एवढेच तोंड आणि खाली फुगत गेलेला खड्डा म्हणजे पेव. त्यात हळद भरून तोंड बंद केले की ती वर्षानुवर्षे टिके. सांगलीत हळदीचा वायदेबाजार चाले तेव्हा कागदावरची हळद न पाहताच हातोहात विकली जाई. सट्टा होताच, पण कागदामागे कुठेतरी माल होता. 2005 च्या महापुराचे पाणी पेवांत शिरले आणि माल नासला. नासायलाही आधी माल असावा लागतो!

हे आठवले साताऱ्याहून आलेल्या अक्काच्या फोनमुळे. तिच्या भिशीतल्या एका बाईंनी नव्या ‘टोकन’ची भलावण चालवली आहे. दहा महिन्यांत दुप्पट! ‘करार संगणकात लिहिलाय, तो कुणाच्या बापाला मोडता येत नाही,’ असे त्या सांगतात. मुदतठेव मोडू का, एवढाच अक्काचा प्रश्न.

गंमत अशी, की बाईंचे करारापुरते म्हणणे बरेचसे खरे आहे. ‘इथेरियम’ हे जाळे 2015 साली सुरू झाले. हजारो संगणकांवर ठेवलेली एकच खातेवही, असे ते समजा. या वहीत आकड्यांबरोबर नियमही लिहून ठेवता येतात. त्यांना ‘स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट’ म्हणतात. बदलाची सोय आधीच ठेवली नसेल तर चढवलेला नियम पुढे कुणालाच बदलता येत नाही.

अक्काचा मुलगा संगणकच शिकतो. (पोटच्या पोराचे घरात कोण ऐकतो, म्हणून मामाला मध्ये घेतलेले.) त्याने माझ्यासमोर एक टोकन काढले. नाव ‘हळकुंड’, नग दहा लाख. टोकनने कसे वागावे याचा ‘ईआरसी-20’ हा ठरलेला साचा आहे आणि त्याचा तयार प्रोग्रॅम फुकट मिळतो. आपण ‘सॉलिडिटी’ या भाषेत नाव, खूण, संख्या अशा आठ-दहा ओळी जोडायच्या आणि ‘गॅस’ नावाचे शुल्क भरून ते जाळ्यावर चढवायचे. आम्ही ‘सेपोलिया’ या सरावाच्या जाळ्यावर चढवले, तिथे शुल्कही खोट्या पैशांचे. चहा निवण्याआधी मी दहा लाख हळकुंडांचा धनी! शंभर भाच्याला पाठवली. माझी तेवढी घटली, त्याची तेवढी वाढली. हिशेब चोख.

मग त्याने अक्काच्या टोकनचा प्रोग्रॅम उघडला. तो जाहीर केलेला होता. सारे हळकुंडासारखेच, फक्त एक ओळ जास्त: मालकाला हवी तेव्हा, हवी तितकी नवी टोकने पाडता येतील. दुप्पट देण्याची किंवा परत विकत घेण्याची ओळ कुठेच नव्हती. ती फक्त बाईंच्या तोंडी होती.

आपल्या भागाला हे नवे नाही. 2019 मध्ये वाळवा तालुक्यातल्या कडकनाथ योजनेचे प्रकरण बाहेर आले. तिथे शेतकऱ्यांनी पैसे घातले ते कोंबड्यांवर नव्हे, ‘अंडी आम्हीच विकत घेऊ’ या शब्दावर. ‘गेनबिटकॉइन’ने महिना दहा टक्के, तेही बिटकॉइनमध्ये, कबूल केले होते. 2017 मध्ये गुंतवणूकदारांच्या हाती पडले ते घरचेच ‘एमकॅप’ टोकन. 2018 मध्ये पुणे पोलिसांनी सूत्रधाराला अटक केली.

परतफेडीची ओळ लिहिता येत नाही असे नाही. मालकाने करारातच ‘इथर’ हे चलन कोंडून ठेवले आणि टोकनच्या बदल्यात ते ठरल्या दराने द्यावे असे लिहिले, तर यंत्र इमानाने देईल. पण पेवात हळद आहे की नाही, हे यंत्राला दिसत नाही. तिथे आत उतरणारा माणूसच लागतो.

‘सरकार तीस टक्के कर घेते, म्हणजे मान्यताच की!’ असेही बाई म्हणतात. 2022 पासून हा कर आहे खरा, पण तो नफ्यावर आहे. कर घेणारा काही जामीन राहत नाही. माझे तर म्हणणे, सांगली-साताऱ्याच्या महाविद्यालयांनी प्रत्येक मुलाला एकदा असे फुकटचे टोकन काढायला लावावे, तेही आईवडिलांसमोर.

अक्काने बाईंकडे परतफेडीची ओळ दाखवायची मागणी केली आहे. वरच्यांना विचारून सांगते, म्हणाल्या.