निवृत्तिवेतनास कात्री आणि धनिकांचा उपदेश



गतांकातील पत्रलेखकांनी अमेरिकेतील धनिकांविरुद्धच्या जनक्षोभास निव्वळ मत्सर ठरवून निकालात काढले आहे. परंतु ज्या पेढीने २००८ च्या आर्थिक अरिष्टात सरकारी खजिन्यातून १० अब्ज डॉलर स्वीकारले (ते पुढे लाभांशासह परत केले, हे मान्य), त्या गोल्डमन सॅक्सचे तत्कालीन प्रमुख लॉइड ब्लँकफाइन यांनीच, पंचवीस वर्षे नोकरी करून तीस वर्षे निवृत्तिवेतन घेण्यासाठी सोशल सिक्युरिटी ही सरकारी निवृत्तिवेतन योजना निर्माण झाली नव्हती, असे २०१२ साली दूरचित्रवाणीवरून बजावावे, याचा संताप लोकांस आला, तो गैरवाजवी कसा? शिवाय उपदेशाचे गणितही कच्चेच. हे वेतन सर्वाधिक मिळकतीच्या ३५ वर्षांच्या सरासरीवर ठरते. पंचवीसच वर्षे राबणाऱ्याच्या हिशेबात उरलेली दहा वर्षे शून्य धरली जातात, आणि १९६० वा त्यानंतर जन्मलेल्यास पूर्ण वेतन सदुसष्टाव्या वर्षापूर्वी मिळत नाही. उलट या योजनेच्या निधीची वर्गणी २०१२ साली १,१०,१०० डॉलरपर्यंतच्या पगारावरच वसूल होई. त्यावरील रकमेस सरसकट माफी! ती माफी रद्द करण्याची शिफारस ब्लँकफाइन महाशयांनी आधी करावी, वृद्धांच्या वेतनाकडे मग खुशाल वळावे.

आपला,
एक वाचक