काशीची वाट आणि वाटेवरचे सोबती

वाराणसीच्या मणिकर्णिका घाटावरून निघणारी पंचक्रोशीची वाट शहराला वळसा घालून पाच मुक्कामांनंतर पुन्हा त्याच घाटावर येते. कर्दमेश्वर, भीमचंडी, रामेश्वर, शिवपूर आणि कपिलधारा हे ते मुक्काम. अंतर सुमारे ८० किलोमीटर. अधिक महिन्यात या वाटेवर हजारो पावले चालतात, आणि त्यांपैकी बहुतेक पूर्व उत्तर प्रदेश व बिहारमधील शेतकऱ्यांची, शेतमजुरांची आणि त्यांच्या घरातील स्त्रियांची असतात. डोक्यावर गाठोडे, त्यात पीठमीठ. मुक्कामी गोवऱ्यांच्या विस्तवावर भाजलेली बाटी. वर्षभर शेताच्या बांधाबाहेर न पडलेल्या बाईला या पाच दिवसांत परक्या गावच्या बाईची सोबत मिळते. तिच्याशी ती पिकाविषयी, कर्जाविषयी, दूर शहरात गेलेल्या मुलाविषयी बोलते.

या सोबतीकडे केवळ भाबडेपणा म्हणून पाहणे चुकीचे ठरेल. कष्टकरी माणसाला स्वतःच्या गावाबाहेरचा देश कळण्याचे साधन शतकानुशतके यात्रा हेच होते. तिच्यामागे श्रद्धा होती, तशीच माणसे भेटण्याची ओढही होती.

गोडसे भटजींची साक्ष

महाराष्ट्राला याचा उत्तम दाखला ठाऊक आहे. पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे १८५७ साली काकांबरोबर उत्तरेकडे निघाले. घरावर कर्ज होते आणि बायजाबाई शिंदे यांच्या यज्ञात दक्षिणा मिळण्याची आशा होती. महूच्या परिसरात त्यांना वाटेवर शिपाई भेटले आणि लष्करात उठाव होणार असल्याची वार्ता या भिक्षुकांच्या कानी पडली. पुढे झाशीचा वेढा आणि लूट त्यांनी डोळ्यांनी पाहिली. मिळवलेले द्रव्य गेले. परतताना गंगेची कावड तेवढी खांद्यावर होती. त्यांचा ‘माझा प्रवास’ हा वृत्तांत चिंतामण विनायक वैद्य यांनी १९०७ साली प्रसिद्ध केला. त्या उठावाविषयी सामान्य मराठी माणसाने लिहिलेले असे दुसरे लिखाण क्वचितच सापडेल. पोथीत न मिळणारे ज्ञान या भिक्षुकाला वाटेवरच्या माणसांनी दिले.

पंगत बसली की वाट संपते

परंतु वाट माणसांना समान करते, हा निष्कर्ष घाईचा ठरेल. पाय एका धुळीत चालतात. चुली मात्र वेगळ्या पेटतात. काशीच्या घाटांवर शिंदे, भोसले, होळकर यांची नावे आहेत. अहिल्याबाईंनी विश्वनाथाचे मंदिर १७८० च्या सुमारास पुन्हा उभारले. त्या काळच्या राजेरजवाड्यांची अन्नछत्रे चालत ती मुख्यतः ब्राह्मणांसाठी. ज्याच्या सारावसुलीतून ती चालत, त्या कुणब्याला त्यांच्या पंगतीत जागा नव्हती.

पंढरीच्या वाटेवरही निराळे घडले नाही. इरावती कर्वे यांनी ‘वाटचाल’ या लेखात हेच टिपले आहे: एकाच दिंडीत दिवसभर एकत्र चालणारे ब्राह्मण आणि मराठे जेवायला मात्र वेगवेगळे बसत. विठ्ठलाचे दार दलितांना उघडण्यासाठी साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात उपोषण करावे लागले. कित्येक शतकांच्या वाटचालीने जे आपोआप झाले नाही, ते जाणीवपूर्वक केलेल्या लढ्याने झाले. यातला धडा स्पष्ट आहे. वाटेवरची सोबत समतेची शक्यता निर्माण करते; समता मात्र मिळवावी लागते.

उलट्या दिशेची यात्रा

१८८७ साली वाराणसीला गंगेवर रेल्वेचा पूल झाला आणि पायी काशी गाठण्याचे दिवस सरले. त्याच लोहमार्गांनी पूर्वांचलचा शेतकरी मुंबईला आणला. गिरणगावात तो कोकणातल्या, घाटावरल्या कामगाराशेजारी साच्यावर उभा राहिला आणि १९८२ च्या संपात त्याच्याबरोबरच उपाशी राहिला. पंचक्रोशीच्या वाटेवर म्हातारी ज्या दूर गेलेल्या मुलाविषयी बोलते, तो मुलगा अनेकदा मुंबईत, ठाण्यात, भिवंडीत असतो.

आणि येथेच यात्रेकरूची खरी परीक्षा होते. काशीच्या घाटावर त्या म्हातारीला ‘माई’ म्हणून हात जोडणारा माणूस घरी परतल्यावर तिच्या मुलाला ‘उपरा’ म्हणत असेल, तर त्याने यात्रेत काय कमावले? २००८ साली महाराष्ट्रात उत्तर भारतीय टॅक्सीवाल्यांवर आणि फेरीवाल्यांवर हल्ले झाले. रोजगार आटण्यास टॅक्सीवाला जबाबदार नव्हता. गिरण्यांच्या जमिनींवर मनोरे उभारणाऱ्यांवर मात्र एकही दगड पडला नाही.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी जाहीर झाली आणि हेच लोक पायी घराकडे निघाले. महू ज्या मार्गावर आहे त्याच मुंबई–आग्रा रस्त्याने नाशिक, धुळे ओलांडत गाठोडी आणि लेकरे घेऊन माणसे चालली. ८ मे रोजी जालन्याहून निघालेले मध्य प्रदेशचे १६ मजूर औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ रुळांवर झोपी गेले असता मालगाडीखाली चिरडले गेले. या वाटसरूंसाठी ना धर्मशाळा होती, ना मुक्काम. ज्या शहरांचे मजले त्यांनी चढवले, त्या शहरांनी त्यांना भाड्याच्या खोलीत महिनाभर राहण्याइतकीही शाश्वती दिली नाही.

तरीही रस्त्याकाठच्या गावांतील अनेकांनी भाकरी आणि पाणी पुढे केले. जात विचारली नाही, भाषा विचारली नाही. ज्यांच्या स्वतःच्या घरात फार काही नव्हते, अशा कुटुंबांचाही त्यात मोठा वाटा होता. यात्रेच्या परंपरेत जपण्याजोगे जे आहे, ते हेच होय.

एकनाथांनी आपले भागवत १५७३ साली वाराणसीत पूर्ण केले. त्यांच्याविषयीची एक कथा मराठी घराघरांत सांगितली जाते: काशीहून रामेश्वरासाठी आणलेली गंगेची कावड त्यांनी वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडी रिकामी केली. इतिहास म्हणून ती तपासण्याचे कारण नाही. ती सांगणाऱ्या जनतेला पुण्य कोठे असते ते पक्के ठाऊक होते. आज ती तहान रस्त्यावरच्या श्रमिकाची आहे, आणि ती केवळ दयेच्या ओंजळीने भागणारी नाही. कायम काम, पुरेसे वेतन, हक्काचे घर आणि कोणत्याही राज्यात निर्भयपणे राहण्याचा अधिकार मिळाला तरच ती भागेल. त्या मागण्यांसाठी जो खांद्याला खांदा लावून चालतो, तोच खरा सहप्रवासी. मग त्याची बोली भोजपुरी असो वा मराठी.