रोज किती नव्हे, जन्मभरात किती?



गेल्या कांदा लागणीच्या वेळची गोष्ट. आमच्या घरच्या तुकड्यात रोजाने माणसे लावली होती. मी पडलो कारकून, त्यामुळे रोजंदारीची वही माझ्याकडे. संध्याकाळी बारावीतली मुलगी बेरीज तपासायला बसली आणि मधेच थांबली.

"पप्पा, बायांच्या नावापुढं तीनशे आणि गड्यांच्या नावापुढं पाचशे. चुकून झालं का?"

"चूक नाही गं. सगळीकडं हाच दर चालू आहे."

"मग जयंतीच्या भाषणात समतेचं सांगता, ते कुठल्या गावाचं?"

मी बी. कॉम. झालेला माणूस. हजारोंचे ताळेबंद जुळवतो. पण या प्रश्नाला मला उत्तर सापडले नाही. त्या रात्री मी आपल्याच घरातल्या बायांचा हिशेब मांडला.

पहिली आजी. १९७२ चा दुष्काळ. कर्जत तालुका मुळात कमी पावसाचा, त्यात ते साल. आजी रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेली. त्याच सुमारास वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना उभी राहिली. पुढे १९७७ साली तिचा कायदा झाला आणि १९७९ पासून तो अमलात आला. या योजनेत मजुरी कामाच्या मोजमापावर असे. खड्डा बाईने खणला की पुरुषाने, हे टेपला कळत नाही. शेतावर जे बाईला मिळत नव्हते ते, म्हणजे पुरुषाइतकाच दर, दुष्काळी कामाने दिला. पण आजी सांगायची, "वाटपाच्या दिवशी अंगठा तुझ्या आजोबाचा." पाऊस पडला, कामे बंद झाली आणि आजी पुन्हा शेतावर कमी रोजाने खुरपायला गेली.

दुसरी आई. आमच्याकडून, पाथर्डी-जामखेडकडून आणि शेजारच्या बीडमधून कोयता घेऊन जाणारी कुटुंबे वाचकांना ठाऊक आहेत. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटे माणूस म्हणजे अर्धा कोयता. आई ऊस तोडायची, पाचट काढायची, मोळी बांधायची आणि डोक्यावर घेऊन गाडीत चढवायची. कोपीवरचा स्वयंपाक वेगळा. उचल मात्र मुकादमाने वडिलांच्या हातात दिलेली. अंगात ताप म्हणून ती एक दिवस पडून राहिली, तर खाडा दोघांच्या हिशेबातून कापला जायचा. तिने इतके गळीत हंगाम काढले, पण तिच्या नावाचा एक चिटोरा आज घरात नाही. २०२४ च्या जानेवारीत ऊसतोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला. चांगले झाले. पण वाढ कोयत्याला मिळाली, आणि कोयता अजून बहुतेक नवऱ्याच्याच नावावर आहे.

तिसरी माझी पत्नी. ती अंगणवाडीत मदतनीस आहे. तिला मिळते ते 'मानधन'. काम रोजचे, जबाबदारी लेकरांची, पण पगार म्हणायचे नाही. अंगणवाडीतल्या बायांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे सांगायला २०२२ साली सर्वोच्च न्यायालय लागले.

आता माझ्या वहीकडे येऊ. रोजात फरक दोनशेचा. वर्षाकाठी दीडशे दिवस काम धरले तर तीस हजार. तीस वर्षांचे आजच्या दराने नऊ लाख. रोजच्या रोज पाहिले तर दोनशे रुपये, मिठामिरचीत गेले म्हणून कोणी विचारत नाही. जन्मभराचे पाहिले तर ते दोन खणांचे पक्के घर आहे, मुलीचे शिक्षण आहे, म्हातारपणाचे औषध आहे. म्हणून 'रोज किती' एवढेच विचारू नका, 'जन्मभरात किती' हे विचारा.

शिकल्यावर हे आपोआप मिटेल असेही समजू नका. अमेरिकेच्या क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. दोनशे वर्षांची आकडेवारी तपासून त्यांनी दाखवले की, आजची तफावत मुख्यतः एकाच पेशातल्या स्त्री-पुरुषांत आहे आणि पहिले मूल झाल्यावर ती वाढते. म्हणजे माझ्या मुलीच्या वाटेतही हा खड्डा आहेच.

कायदा नाही असे नाही. दुसऱ्या महायुद्धात कोळशाच्या टंचाईमुळे बायांना खाणीत उतरवण्याची बंदी उठवली गेली, त्यावर १९४४ साली केंद्रीय कायदेमंडळात टीका झाली. बाबासाहेब तेव्हा मजूरमंत्री होते. स्त्री-पुरुष भेद न करता समान कामाला समान वेतन हे तत्त्व एखाद्या उद्योगात प्रथमच मान्य होत आहे, याकडे त्यांनी सभागृहाचे लक्ष वेधले. पुढे संविधानाच्या ३९ व्या कलमात ते आले. १९७६ साली समान वेतनाचा कायदा झाला. आता तो २०१९ च्या वेतन संहितेत सामावला आहे आणि ही संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाली.

मग अडते कुठे? कामाच्या नावात. लागण, खुरपणी, वेचणी ही 'बायांची कामे'. फवारणी, पाणी देणे, पोती उचलणे ही 'गड्यांची कामे'. काम वेगळे म्हणून दर वेगळा. दिवसभर कमरेतून वाकून रोप लावणे हलके काम, हे कोणी ठरवले? जो कधी वाकला नाही त्याने!

दुसऱ्या दिवशी मी बायांना चारशे दिले. पाचशे देण्याची माझी ऐपत नव्हती, हे लपवत नाही. बांधावरचा शेजारी रागावला, "भाऊसाहेब, तुम्ही दर फोडला. कांद्याला भाव नाही, आम्ही कुठून द्यायचं?" त्याचे म्हणणे खोटे नाही. पण भाव पडला की पहिली कात्री बाईच्याच रोजाला का? आणि बायांतली एक वयस्क मावशी हळूच म्हणाली, "दादा, तुम्ही दिले. उद्या दुसरीकडं मागितले तर आम्हाला कोण बोलवंल?"

मावशीचे हे बोलणे मला शेजाऱ्याच्या रागापेक्षा जास्त लागले. एकट्याने दर वाढवून भागत नाही. म्हणून हंगामाआधी वस्तीतल्या बायांनी विहारात बसून दर एकत्र ठरवावा. पुरुषांनी तेव्हा सतरंजी अंथरावी आणि ऐकावे. प्रत्येक बाईचे बँकेचे खाते तिच्या एकटीच्या नावावर असावे. उचल घेताना दोघांची नावे लिहून घ्यावीत. आणि घरातल्या लिहित्या मुलीने आईच्या कामाचे दिवस एका वहीत टिपून ठेवावेत.

आमच्या घरी ती वही सुरू झाली आहे. मुलीने पहिल्या पानावर आजीचे नाव लिहिले. पुढे दिवस किती, पैसे किती, हे रकाने कोरेच आहेत. ते आता भरता येणार नाहीत. तुमच्या घरातले रकाने तरी कोरे ठेवू नका.

जयभीम!