हवेचीही छाननी



पाणी गाळूनच वापरण्याची शिस्त आपल्या घरांतून लहानपणीच अंगवळणी पडते. कापड जाड असावे, दुहेरी घडीचे असावे, विरले की बदलावे, हे कोणास वेगळे शिकवावे लागत नाही. मोटारीच्या इंजिनासही हवा अशीच गाळलेली लागते. ही साधी गोष्ट गेल्या उन्हाळ्यात मला थोडी महागात समजली.

माझ्या पुतण्याने टर्बो इंजिनाची पेट्रोल मोटार घेतली. वर्ष होण्याआधीच एका दुकानदाराच्या सल्ल्याने त्याने मूळचा कागदी एअर फिल्टर काढून तेल लावलेल्या सुती जाळीचा फिल्टर बसवला. "काका, हा धुऊन पुन्हा वापरता येतो. दर वेळचा खर्च वाचला आणि मायलेजही वाढणार," असे त्याचे म्हणणे. व्यापारी मनास हा हिशेब पटणारच. मीही मान डोलावली. पहिल्या धुण्यानंतर त्याने जाळीवर तेल जरा सढळ हाताने सोडले. पुढे कुंथलगिरीच्या यात्रेस निघालो असता भर दुपारी चढावर इंजिनाचा दिवा लागला आणि गाडीची ओढ गेली. मागे वयोवृद्ध वहिनी बसलेल्या. कशीबशी गाडी कार्यशाळेत नेली, तेव्हा हवा मोजणाऱ्या सेन्सरवर तेलाचा थर आढळला. बाहेरच्या भागामुळे झालेला बिघाड हमीत बसत नाही, असे उत्तर मिळाले. ते नियमाला धरूनच होते.

एक लिटर पेट्रोल जळण्यास सुमारे ९,००० लिटर हवा लागते. टर्बो असलेल्या इंजिनात ही हवा आधी एका लहान चक्रातून दाबली जाते. त्या चक्राची गती मिनिटास एक लाख फेऱ्यांच्याही वर जाते. इतक्या वेगात धुळीचे बारीक कण त्याच्या पात्यांच्या कडा झिजवतात आणि पुढे सिलिंडरच्या भिंतीही घासतात. फिल्टर काही शे रुपयांचा; टर्बो बदलण्याचा खर्च मात्र हजारांत मोजावा लागतो.

येथे टक्केवारी नीट वाचली पाहिजे. एक फिल्टर ९९ टक्के धूळ अडवतो आणि दुसरा ९७ टक्के, तर फरक दोनच टक्क्यांचा वाटतो. परंतु शंभर ग्रॅम धुळीपैकी पहिला एक ग्रॅम आत सोडतो, दुसरा तीन ग्रॅम. म्हणजे इंजिनाच्या वाट्यास तिप्पट धूळ येते. बँकेत कर्ज-प्रस्तावाची छाननी करताना आम्ही वसूल झालेल्यापेक्षा बुडणाऱ्या रकमेकडे अधिक पाहत असू. येथेही दृष्टी तीच हवी.

मायलेजचे आश्वासनही तपासून घ्यावे. अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ साली केलेल्या चाचणीत, आधुनिक इंजेक्शन इंजिनाचा फिल्टर कोंदला तरी इंधनाच्या खर्चात लक्षणीय फरक पडला नाही. वेग घेण्याची क्षमता मात्र घटली. कारण संगणक येणाऱ्या हवेच्या प्रमाणातच इंधन सोडतो. कोंदलेल्या फिल्टरनेही जेथे मायलेज घटत नाही, तेथे मोकळ्या फिल्टरने ते वाढावे कसे?

तरीही बाहेरचा फिल्टर घ्यावयाचा असेल, तर चार गोष्टी पाहाव्यात. पहिली, आयएसओ ५०११ या मानकानुसार धूळ अडवण्याची क्षमता, हवेस होणारा अडथळा आणि धूळ साठवण्याची मर्यादा हे तिन्ही आकडे विक्रेत्याकडे मागावेत. केवळ 'अधिक हवा' एवढेच सांगणाऱ्यास नमस्कार करावा. दुसरी, फिल्टर मूळच्या पेटीत घट्ट बसला पाहिजे. रबरी कडेस फट राहिली, तर हवा न गाळताच आत जाते. तिसरी, पेटी काढून लावण्याचे उघडे शंकूच्या आकाराचे फिल्टर टाळावेत. ते इंजिनाजवळची तापलेली, विरळ हवा ओढतात. आपल्या उन्हाळ्यात तो तोटाच. चौथी, धुऊन वापरण्याचाच हवा असेल, तर तेल न लागणारा कृत्रिम धाग्याचा अधिक सोयीचा. खरेदी कोणतीही असो, पक्के बिल घ्यावे; नामांकित खोक्यात बनावट मालही मिळतो. कागदी फिल्टर मात्र जोराच्या हवेने झाडू नये. त्याने कागद फाटतो. धुळीच्या रस्त्यावर फिरणाऱ्यांनी पुस्तिकेत दिलेल्या मुदतीआधीच तो बदलावा.

पुतण्याने मूळचा कागदी फिल्टर पुन्हा बसवला आहे. हिशेबाच्या वहीत त्याने त्या सुती जाळीची किंमत, सेन्सरचा खर्च आणि टोइंगचे पैसे एकाखाली एक मांडले. त्या रकमेत किती कागदी फिल्टर आले असते, हे त्याने मला सांगितले नाही. मीही विचारले नाही.