पंगतीतली एकाकी खुर्ची

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात सांता रोझा नावाचे एक शहर आहे. तेथे एका व्यंगचित्रकाराचे संग्रहालय उभे आहे. चार्ल्स शुल्झ हे त्याचे नाव. चार्ली ब्राऊन हा सदा हरणारा पोरगा आणि त्याचा स्नूपी नावाचा कुत्रा ही पात्रे त्याने जन्माला घातली. २ ऑक्टोबर १९५० रोजी अवघ्या सात वृत्तपत्रांतून सुरू झालेली त्याची ‘पीनट्स’ ही चित्रमालिका जवळपास पन्नास वर्षे चालली. पुढे ती हजारो वृत्तपत्रांत गेली. १२ फेब्रुवारी २००० रोजी शुल्झ वारला आणि ऑगस्ट २००२ मध्ये हे संग्रहालय लोकांसाठी खुले झाले. तेथील एका भिंतीवर ३,५८८ फरशा बसविल्या आहेत. जवळ गेले की प्रत्येक फरशीवर त्याची एकेक चित्रपट्टी दिसते आणि दूर उभे राहिले की त्या साऱ्या मिळून एकच भव्य चित्र होते. तो जेथे लहानाचा मोठा झाला त्या सेंट पॉल शहराने तर २००० पासून पाच उन्हाळे रस्तोरस्ती त्याच्या पात्रांचे रंगीत पुतळे मांडले. त्यांच्या लिलावाच्या पैशातून चित्रकलेच्या विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या दिल्या आणि कायमचे ब्राँझचे पुतळे उभारले.

आमच्या वाचकांना प्रश्न पडेल, परदेशातल्या एका चित्रकाराच्या या कौतुकाशी फुले-आंबेडकरी चळवळीचे काय नाते? नाते आहे आणि ते दुहेरी आहे.

पहिली गोष्ट अशी की शुल्झचा बाप न्हावी होता. सेंट पॉलमध्ये त्याचे केस कापण्याचे दुकान होते. शुल्झने ते कधी लपविले नाही, उलट चार्ली ब्राऊनचा बापही त्याने न्हावीच दाखविला! आता साताऱ्याची आठवण करा. बाबासाहेबांनी स्वतःच लिहून ठेवले आहे की साताऱ्यात न्हाव्यांचा तोटा नव्हता, त्यांच्या कुटुंबाला पैसे देणेही परवडत होते. पण अस्पृश्याच्या डोक्याला न्हाव्याचा हात लागत नव्हता. म्हणून थोरल्या बहिणीने भावांचे केस कापायचे. तो न्हावीही जातीच्या उतरंडीत दबलेलाच होता, पण त्याच्याही खाली कोणीतरी ठेवण्याची सोय मनुव्यवस्थेने करून ठेवली होती. सेंट पॉलमध्ये केस कापणे हा धंदा होता, मुलगा त्यातून बाहेर पडून चित्रकार होऊ शकला. आमच्याकडे तोच धंदा जन्माने कपाळावर कोरला गेला. श्रमाची विभागणी आणि श्रमिकांची विभागणी यातला बाबासाहेबांनी सांगितलेला फरक समजायला याहून सोपे उदाहरण कोणते?

पण म्हणून अमेरिका म्हणजे समतेचा स्वर्ग, असे कोणी समजू नये. दुसरी गोष्ट त्याचीच आहे. १९५० पासून १९६८ पर्यंत, म्हणजे तब्बल अठरा वर्षे, शुल्झच्या त्या लहान मुलांच्या जगात एकही काळे मूल नव्हते. ४ एप्रिल १९६८ रोजी मेम्फिस शहरात डॉ. मार्टिन ल्युथर किंग यांची गोळी घालून हत्या झाली. त्यानंतर अकरा दिवसांनी कॅलिफोर्नियातील हॅरिएट ग्लिकमन या गोऱ्या शिक्षिकेने शुल्झला पत्र लिहिले. तुमच्या चित्रांत काळी मुले का नाहीत, ती यावीत, असे तिने सुचविले. शुल्झने उत्तर पाठविले. त्याची इच्छा होती, पण काळ्या लोकांना आपण उपकार करतो आहोत असे तर वाटणार नाही ना, ही भीती त्याला होती.

येथे ग्लिकमनबाई थांबल्या असत्या तर सारेच थांबले असते. पण त्यांनी तो प्रश्न काळ्या मित्रांपुढे ठेवला. केनेथ केली नावाच्या एका काळ्या बापाने मग शुल्झला लिहिले की उपकाराचा आरोप झाला तरी ती किंमत फार थोडी आहे. आमच्या मुलांना तुमच्या जगात साधे, रोजचे मूल म्हणून दिसू द्या. आणि ३१ जुलै १९६८ रोजी समुद्रकिनाऱ्यावर चार्ली ब्राऊनचा हरवलेला चेंडू परत आणून देणारा फ्रँकलिन अवतरला. पुढे तो गोऱ्या मुलांबरोबर एकाच शाळेत दिसला तेव्हा दक्षिणेतल्या एका संपादकाने हरकत घेतली. चित्रे वितरित करणाऱ्या कंपनीच्या प्रमुखाशीही शुल्झची या पात्रावरून बोलाचाली झाली. मी काढले तसे छापा, नाहीतर मी काम सोडतो, असे आपण बजावल्याचे शुल्झने पुढे सांगितले.

बिनीच्या माणसाने सवलत मागून नव्हे, हक्क मांडून जागा मिळविली, हे या पत्रव्यवहाराचे सार आहे. दयेची याचना केलीने केली नाही. आमची मुले वगळून तुमचे जग पूर्ण कसे, एवढेच त्याने विचारले.

तरीही कथा येथे संपत नाही. १९७३ साली शुल्झच्या पात्रांवर सणाच्या भोजनाचा एक दूरचित्रवाणीपट आला. त्यात टेबलाच्या एका बाजूला फ्रँकलिन एकटाच बसला आहे आणि बाकी मुले दुसरीकडे. कोणी मुद्दाम केले असेल वा नसेल. पण ज्याने साताऱ्याच्या शाळेत घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसणाऱ्या भीमाची हकिकत वाचली आहे, त्याला त्या एकाकी खुर्चीचा अर्थ सांगावा लागत नाही. पंगतीला बोलावले, पण पंगतीत बसविले नाही! शिवाय फ्रँकलिनला स्वभावच दिला नव्हता. चार्ली हरतो, लूसी भांडते, लायनस पांघरुणाला चिकटून असतो. फ्रँकलिन मात्र नुसताच गुणी. ज्याला चुकण्याचा अधिकार नाही त्याला माणूस म्हणून चितारलेले नसते. आमच्या मराठी मालिकांत आणि चित्रपटांत दलित पात्र आलेच तर ते एक तर बळी असते, नाही तर आदर्श असते. हट्टी, विनोदी, आळशी, प्रेमात फसलेले असे साधे माणूस ते क्वचितच असते.

ही उणीव भरून निघायला वेळ लागला. रॉब आर्मस्ट्राँग या काळ्या व्यंगचित्रकाराचे आडनाव शुल्झने १९९० च्या दशकात फ्रँकलिनला दिले. त्याच आर्मस्ट्राँगच्या सहलेखनातून २०२४ साली फ्रँकलिनवरचा स्वतंत्र चित्रपट आला आणि त्यात ते टेबल पुन्हा मांडले गेले. या वेळी फ्रँकलिन मित्रांच्या बाजूला बसला. खुर्ची हलायला पन्नास वर्षे लागली आणि ती हलविली कोणी? ज्याचे दुःख होते त्याच समाजाच्या लेखणीने.

आता आमच्याकडे वळू. आर. के. लक्ष्मण यांच्या सामान्य माणसाचा पुतळा पुण्यात आहे, वरळीच्या समुद्रकिनाऱ्यावरही उभारला गेला. कलावंताचा सन्मान झाला, आनंद आहे. पण धोतर आणि चौकड्याचा कोट घातलेल्या त्या सामान्य माणसाच्या वाटेवर गावकुसाबाहेरची वस्ती किती वेळा आली, हे विचारण्याचा अधिकार आम्हाला आहे. १९४९ साली शंकर यांनी काढलेल्या व्यंगचित्रात बाबासाहेब गोगलगायीवर बसलेले आणि नेहरू मागून चाबूक उगारलेले दाखविले होते. शालेय पाठ्यपुस्तकातील त्या चित्रावरून २०१२ मध्ये संसदेत गदारोळ झाला. पण बाबासाहेबांवरची शंभराहून अधिक व्यंगचित्रे शोधून, एकत्र करून, त्यांतली जातीय नजर दाखविण्याचे काम उन्नमती श्याम सुंदर या आंबेडकरी व्यंगचित्रकाराने केले आणि २०१९ मध्ये ते पुस्तकरूपाने आणले. दगड उचलण्यापेक्षा हे उत्तर कितीतरी टिकाऊ आहे. मध्य प्रदेशातील दुर्गाबाई व सुभाष व्याम या गोंड कलावंतांनी ‘भीमायन’मध्ये बाबासाहेबांचे चरित्र आपल्या रेषेत मांडले, तेही याच वाटेने.

३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ काढला, कारण दुसऱ्याच्या वृत्तपत्रात आपल्याला जागा नव्हती. शब्दाची ती लढाई आम्ही लढलो. चित्राची लढाई मात्र अजून अर्धवट आहे. जलशांची पत्रके, पँथरच्या काळातील भित्तिपत्रके, जयंतीचे फलक रंगविणारे चित्रकार, घराघरातील बाबासाहेबांची कॅलेंडरे हा आमचा ठेवा ट्रंकांत आणि माळ्यांवर कुजतो आहे. वाळवी जात बघत नाही. प्रत्येक वस्तीच्या बुद्धविहारात एक कपाट या ठेव्यासाठी राखा. जयंतीच्या वर्गणीतला थोडा भाग चित्रकलेची आवड असलेल्या मुलामुलींच्या शिक्षणासाठी काढा. पुतळे आम्ही वर्गणी काढून उभारले, त्यात आमचा स्वाभिमान आहे. आता पुतळ्यापुढे बसून चित्र काढणारी पोरेही घडवू या.

कारण कोणाच्या तरी चित्रात आपल्याला खुर्ची मिळावी म्हणून पन्नास वर्षे वाट पाहायची नसेल, तर कागद आणि पेन्सिल आपल्याच हाती हवी. जयभीम!